मठाच्या शेगडीचा ट्रिपर

"मग शेवटी कोणता पार्ट खराब निघाला?" नूरचाचांनी विचारलं.

अभिरामनं पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं सरकवला. "ते जाऊ द्या हो, चाचा. चालू झाली ना, झालं तर."

"पार्ट कोणता?"

मी शेजारचा सायकलवाला. सकाळचा चहा चाचांच्या दुकानात घ्यायचा, हा माझा वीस वर्षांचा शिरस्ता. चाचा हीटर, इस्त्र्या, विजेच्या शेगड्या दुरुस्त करतात. अभिराम सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला आणि मग त्यानं स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. दुकान टाकलं त्याचं काही नाही, पण तेव्हापासून त्याची मान जी ताठ झाली ती झालीच. त्या दिवशी तर स्वारी भलतीच खुशीत होती. नदीकाठच्या मठातली इलेक्ट्रिक रेंज त्यानं चालू केली होती.

रेंज म्हणजे वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन असं एकच मोठं धूड. कुण्या भक्तानं परदेशातून आणून मठाला दिलेलं. रोजचा चाळीस पानांचा स्वयंपाक तिच्यावर व्हायचा, आणि दोन महिने तिनं सगळ्यांना वात आणला होता.

"पार्ट..." अभिराम हसला. "सगळेच बदलले म्हणा ना. आधी स्विच बदलला. मग थर्मोस्टॅट. मग शेगड्यांच्या तापणाऱ्या प्लेटा. त्या तर मिळेचनात, कंपनीनं मॉडेलच बंद केलंय. मुंबईच्या भंगारबाजारातून शोधून आणल्या. आठ दिवसांत त्याही गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"शेगडी चालू केली की मेन बोर्डावरचा ट्रिपर पडायचा. वर केला की परत खाली."

"म्हणजे करंट गळत होता. गळला की लाइन तोडायची, तेच तर त्याचं काम."

"ते मलाही कळतं, चाचा."

"नव्या प्लेटा करून घ्यायच्या होत्या."

"पंधरा दिवस लागतील म्हणाले. मठ पंधरा दिवस थांबतोय होय? कारभारी सबनीस म्हणाले, दोन दिवसांत चालू कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

"मग तू काय केलंस?"

अभिरामनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"अर्थिंगची वायर काढली."

चाचांनी कप खाली ठेवला.

"मग पडायचा थांबला?"

"जवळजवळ. दुपारी मी लावून बघायचो, तेव्हा चालायची की! फक्त सकाळी उमाकाकूंनी हात लावला की पडायचा."

उमाकाकू म्हणजे मठातल्या स्वयंपाकीणबाई. नवरा गेल्यापासून तिथंच राबतात आणि मागच्या एका खोलीत राहतात.

"मग?"

"मग ट्रिपरच काढून टाकला. थेट लाइन दिली. आज आठ दिवस झाले, एकदासुद्धा बंद नाही. वर्षभराचं काम मला दिलंय त्यांनी. घ्या की पेढा!"

चाचांनी पुडा परत त्याच्याकडं सरकवला.

"अभिराम, तो ट्रिपर कुणासाठी पडत होता?"

"कुणासाठी म्हणजे? खराब असेल."

"खराब? अर्थिंग काढल्यावर करंट काकूंच्या अंगातून जात होता."

"बरं, तसं नाही... पण मी काकूंना बजावलंय, रबरी चपला घालूनच उभ्या राहा म्हणून."

"मठाच्या स्वयंपाकघरात चपला?" मला राहवलं नाही. "अरे बाबा, तिथं देव सोडून सगळे अनवाणी."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," अभिराम माझ्यावर खेकसला. मला राग आलाच.

चाचांनी विचारलं, "सकाळी स्वयंपाक सुरू होताना कधी बघितलायस?"

"सकाळी सोवळं असतं. कुणाला आत सोडत नाहीत. मी जातो दुपारी, पंगत उठल्यावर. तेव्हा सगळं कसं कोरडं, स्वच्छ असतं."

"दोन महिन्यांत एकदाही बघितलं नाहीस?"

"त्यात बघायचं काय, चाचा? मीटर लावला की सगळं कळतं."

चाचा उठले. पेढ्याला त्यांनी हात लावला नव्हता. पक्कड आणि टेस्टर खिशात टाकून ते मला म्हणाले, "गाडी काढ." अभिरामही मागोमाग निघाला.

मठाचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. बाहेर ओसरी आणि ओसरीच्या भिंतीवर विजेचा बोर्ड. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. कारभारी सबनीस आडवे आले. "आत जायचं नाही. सोवळं चाललंय."

"आत नाही जात," चाचा म्हणाले. "इथनंच बघतो."

उमाकाकू आत एकट्याच होत्या. साठीच्या, अंगानं किडकिडीत. नुकतीच अंघोळ करून ओलेत्यानं आलेल्या. लुगड्याचं पाणी पायांवर गळत होतं आणि खाली फरशीही ओलीच होती. त्यांनी कळशी उचलली, काहीतरी पुटपुटल्या, आणि आम्ही बघतोय तोवर ती अख्खी कळशी रेंजवर ओतली. चारही शेगड्यांवर, बटणांवर, सगळीकडं. मग फडकं फिरवलं आणि त्याच ओल्या हातानं बटणाकडं वळल्या.

चाचांनी मेन स्विच खाली ओढला. म्हातारा माणूस, पण इतक्या झपाट्यानं हललेला मी त्यांना कधी बघितला नाही.

"लाइट गेली का हो?" काकूंनी आतूनच विचारलं.

"मी घालवली, काकू. रोज धुता तुम्ही शेगडी?"

"रोज. न धुता सोवळ्यात कशी घेणार? दुपारी येऊन सगळे हात लावून जातात तिला."

सबनीस म्हणाले, "मठाची रीतच आहे ती."

अभिरामनं कपाळावर हात मारला. "बघा! मी मरमर पार्ट शोधतोय, आणि ह्या वरून पाणी ओतताहेत! चूक काकूंची आहे, चाचा. अशानं कुठला पार्ट टिकणार?"

"काकू," चाचांनी विचारलं, "हाताला झिणझिण्या येतात?"

काकूंनी आधी कारभाऱ्यांकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "येतात कधीकधी... परवा तर कोपरापर्यंत आली कळ. पण सांगू कुणाला? शेगडी बंद पडली की हे म्हणतात, बाहेरून आचारी आणतो."

चाचा अभिरामकडं वळले.

"अभिराम," चाचा म्हणाले, "आत जा."

"अहो, सोवळं मोडेल!" सबनीस ओरडले.

"आज इथं स्वयंपाक होणार नाही, साहेब... जा, अभिराम. काकूंच्या जागी उभा राहा. हात ओले कर."

अभिराम आत गेला. पाण्यात अनवाणी उभा राहिला. कळशीच्या तळाला पाणी उरलं होतं, त्यात त्यानं हात बुडवले.

चाचांनी मेनच्या दांड्यावर हात ठेवला. "लाइन तूच दिलीयस. बटण फिरव."

दांडा खालीच होता, मला दिसत होतं. अभिराम उभा होता तिथून त्याला दिसत नव्हतं; चाचांनी लाइन परत सुरू केली असंच त्याला वाटलं असणार.

त्याचा हात वर गेला. बटणापासून चार बोटं अलीकडं थांबला...

"फिरव की."

हात तिथंच.

काकू त्या हाताकडं बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पदरात घेतले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मला... मला नाही जमणार, चाचा," अभिराम म्हणाला. त्यानं हात मागं घेतला.

चाचा स्वयंपाकघरात गेले. या वेळी कुणी अडवलं नाही. त्यांनी बोर्डापासून आलेली रेंजची जाड वायर पकडीनं तोडली आणि तिचं टोक कारभाऱ्यांच्या हातात दिलं. "चारही प्लेटा नवीन. अर्थिंग. ट्रिपर. आणि वरून पाणी बंद. हे होईपर्यंत शेगडी लावायची नाही."

"आणि आजची पंगत?" सबनीस तापले. "चाळीस माणसं काय उपाशी ठेवू? पुरे झालं हे. उद्यापासून आचारी येईल. उमाकाकू, तुम्ही खोली मोकळी करा."

झालं! एवढा वेळ गप्प बसलेल्या काकू ताडकन उठल्या. मला वाटलं, आता कारभाऱ्यांची धडगत नाही. पण त्या वळल्या चाचांकडं.

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं हो? कुणी बोलावलं होतं? सोसत होते ना मी गुपचूप? माझ्या पोटावर पाय आणलात! कुठं जाऊ मी आता या वयात? भावाच्या दारात जाऊन पडू? वाटोळं होईल तुमचं! कीड पडेल त्या हातांना!"

चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. सबनिसांशी बोलायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी पाठच फिरवली. मठाचा मला त्या घटकेला मनापासून वीट आला.

आम्ही फाटकाशी आलो, तरी काकूंचा आवाज येतच होता.

अभिरामचे डोळे लाल झाले होते. चाचा चपला घालत होते, तेवढ्यात तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी चुकलो. कबूल! पण तुम्ही काय मिळवलंत, चाचा? पंधरा दिवसांत मी गुपचूप सगळं नीट करून दिलं असतं. तिचं काम राहिलं असतं, खोली राहिली असती. आता बाई रस्त्यावर आली. ऐका, ऐका कशी शिव्या देतेय तुम्हाला..."

"मोठ्यानं देतेय?"

"अख्ख्या मठाला ऐकू जातंय!"

मी गाडी चालू करायला किक मारणार होतो. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना ते शब्द लागले होते, चेहरा पार उतरला होता.

"थांब जरा," ते म्हणाले. "आवाज ऐकू दे तिचा. जिवंत आहे ती."