पणजोबांचा डगला आणि बायजाची कानस

फार फार वर्षांपूर्वी, घड्याळे निघाली नव्हती आणि तरीही माणसे कामावर उशिराच पोहोचत, त्या काळातली ही गोष्ट. एक राज्य होते. आज दाखवावे असे त्याच्यापाशी काही उरले नव्हते. अशी वेळ आली की राज्ये पूर्वजांचे कपडे शिवायला घेतात.

राजाने दवंडी पिटवली, "येत्या दसऱ्याला आम्ही पणजोबांच्या पोशाखात सिंहासनावर बसू."

शिंप्यांनी जुन्या चित्रावरून डगला बेतला. गळ्यापासून बेंबीपर्यंत घट्ट, पुढे पितळी गुंड्यांची रांग, आणि प्रत्येक गुंडी अडकवायला रेशमी बिरडे. डगला झाला, पण गुंड्या कुठून आणायच्या? लोक केव्हाच गुंड्यांऐवजी कापडी बंद बांधायला लागले होते. तशा गुंड्या ओतणारी एकच बाई राज्यात उरली होती, नदीकाठची बायजा ओतारीण.

बायजा आधी मेणाचा मणी वळी आणि त्यावर कोयरी कोरी. मग त्याला मातीचा लेप देई. भट्टीत मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत पितळ ओती. माती फोडून गुंडी काढायची, मागे कडी झाळून जोडायची, चिंचेने घासून चकचकीत करायची. दुसरा कोणी इथे हात धुऊन मोकळा झाला असता. बायजाच्या घराण्यात मात्र इथवर गुंडी अर्धीच झाली असे मानत.

उरलेले काम गिऱ्हाइकाचे. भट्टीपुढे एक बुटका पाट होता. त्यावर बसून गिऱ्हाइकाने गुंडी स्वतःच्या हाताने बिरड्यात घालायची आणि काढायची. अडली की बायजा मागची खरबरीत कड कानशीने जराशी उतरवी आणि म्हणे, "घाला पुन्हा." कोणाची बोटे जाड, कोणाची थरथरती. गुंडीची आणि बोटांची ओळख पटली की मगच ती माल हातावर ठेवी. तिने सख्ख्या सासऱ्यालाही या पाटावर बसवले होते, आणि सासरा काही साधा माणूस नव्हता.

गुंड्या ओतून झाल्याचे कळताच प्रधान पालखीतून आला.

"बाई, गुंड्या दे."

"महाराजांना घेऊन या. पाट पुसून ठेवलाय."

प्रधान हसला. मोठी माणसे समोरच्याला शेवटची संधी द्यायची झाली की हसतात. "महाराज पाटावर बसणार? अगं, महाराजांनी जन्मात कधी गुंडी लावलेली नाही. त्याला माणसं आहेत."

"मग त्यांच्या पणजोबांना कुठली माणसं होती? याच पाटावर बसले होते ते, माझ्या पणजीसमोर. दोनदा बोट कापलं, पण उठले नाहीत. तुम्हाला पोशाख पणजोबांचा हवा आणि बोटं नोकराची. असा पोशाख मी करत नाही."

"समोरून चकाकताहेत की! मागचं कोण बघतो?"

"तुमच्या कचेरीत कोणी बघत नसेल."

प्रधानाचे हसू मावळले. "भट्टी फोडून टाकीन. मग काय ओतशील?"

ही भट्टी बायजाच्या पणजीने घातलेली होती, आणि भट्टी गेली की चूलही गेली. तिने एकवार भट्टीकडे पाहिले आणि कानस कमरेला खोचली.

"फोडा. भट्टी मातीची आहे, रीत नाही."

प्रधानाने भट्टी फोडवली. फोडणे शिपायांच्या हातून व्हायचे होते, तरी पहिली लाथ त्याने स्वतः मारली. राज्यकारभारात त्याने जातीने केलेले काम ते एवढेच. कड न उतरवलेल्या गुंड्या उचलून तो निघून गेला. बायजाने पाट धुतला आणि होता तिथेच परत मांडला.

दसऱ्याचा दिवस उजाडला. महाराजांना डगल्यात घालायला सेवकाला घाम फुटला. गुंड्या बिरड्यांत शिरेनात, तेव्हा त्याने पोटावर गुडघा टेकून त्या एकेक आत दाबल्या. महाराजांना श्वास पुरत नव्हता, पण ताठ बसल्यामुळे ते अगदी पणजोबांसारखे दिसत होते. दरबाराने तसे एकमुखाने सांगितले. महाराज जांभई देतानाही पणजोबांसारखे दिसतात, असे सांगणारा हा दरबार होता.

मग राजाच्या गळ्यात हार पडला. हारात आंब्याची पाने गुंफलेली होती आणि पानांत लाल मुंग्यांचे घरटे होते. मुंग्यांना दरबारी शिस्त ठाऊक नव्हती. त्या थेट गळ्यातून आत उतरल्या.

राजा आधी हलला, मग उठला, मग नाचू लागला. दरबाऱ्यांना वाटले, पणजोबा नाचत असावेत. दोघे-तिघे मागून नाचूही लागले.

"काढा! डगला काढा!" राजा ओरडला.

सेवक धावला. पण गुंड्यांच्या खरबरीत कडा रेशमात रुतल्या होत्या. ओढावे तितक्या त्या घट्ट बसत. प्रधान ओरडला, "कातर आणा!" तोच राजपुरोहित आडवा आला. "दसऱ्याला राजवस्त्राला कातर? राज्य बुडेल!"

"अहो, आधी मी बुडतोय!" राजा किंचाळला. "त्या ओतारणीला आणा!"

बायजा आली. एका हातात कानस, दुसऱ्या हातात पाट. तिने पाट सिंहासनापुढे मांडला.

"बसा, महाराज."

"अगं, उभ्यानेच काढ!"

"बसल्याशिवाय कानस चालत नाही."

भरल्या दरबारात राजा बुटक्या पाटावर बसला. बायजाने वरच्या गुंडीची कड जपून उतरवली आणि हात मागे घेतला.

"आता काढा."

"तूच काढ की!"

"माझं काम झालं. उरलेलं तुमचं."

"हिला कैद करा!" प्रधान गरजला.

"करा," बायजा म्हणाली. "कानस माझ्याबरोबर कोठडीत येईल. मुंग्या इथेच राहतील."

तेवढ्यात एक मुंगी काखेत डसली. राजाने प्रधानाला हातानेच गप्प केले आणि बोटे गुंडीला लावली. ती घसरली. पुन्हा लावली. बायजाने कड आणखी जराशी उतरवली. टक् असा आवाज झाला आणि गुंडी सुटली. राजाने आधी गुंडीकडे पाहिले, मग आपल्या बोटांकडे, जणू ती आजच हाताला फुटली होती.

बायजा एकेक कड उतरवत गेली आणि बाकीच्या गुंड्या त्याने स्वतःच काढल्या. मुंग्या झटकल्या, डगला झटकला, पुन्हा चढवला, गुंड्या लावल्या, पुन्हा काढल्या. दिवसभर हाच उद्योग चालला. त्या दिवशी कारभार बंद पडला. राज्याला फरक जाणवला नाही.

बायजाला काय हवे, असे राजाने विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझी भट्टी. पहिली लाथ ज्यानं मारली, त्याच्याच हातची." प्रधानाने माती तुडवली. भट्टी जरा वाकडीच झाली, पण पितळ वितळवायला पुरली.

राजा त्यानंतर फार शहाणा झाला, असे मी सांगणार नाही. एवढेच झाले की दुसऱ्या दिवशी प्रधानाने नेहमीसारखा हुकूम शिक्क्यासाठी पुढे केला, तेव्हा राजा म्हणाला, "थांबा. आधी मी वाचतो." प्रधानाचा चेहरा असा झाला, की वाटावे, मुंग्या आता त्याच्या डगल्यात शिरल्या असाव्यात.

तात्पर्य: ज्याच्या गुंड्या दुसऱ्याच्या बोटांनी लागतात आणि निघतात, त्याचा राजवेशही त्याची कोठडीच असतो.