तोंडात धरलेला घोट

ऐका. आणि मध्ये बोलू नका.

फार फार वर्षांमागे नदीकाठी एक गाव होतं. तेव्हा नदीला बारमाही पाणी होतं आणि माणसांना सवड होती. आता दोन्ही आटलं.

त्या गावात गोंदा नावाचा माणूस होता. अंगानं दांडगा, दाढीमिशांचा. बुद्धीनं मात्र संथ. मरताना बापानं सगळ्या गावासमोर गोंदाचा हात आपल्या भावाच्या हातात दिला. "ह्याला सांभाळ," म्हणाला. त्या दिवसापासून चुलता तात्या गोंदाचा पालक झाला.

तात्यानं त्याला सांभाळलं. त्यात खोट काढायची नाही. वेळेवर भाकरी, धुतलेलं धोतर. पण गोंदा नदीत पडेल म्हणून दाराला बाहेरून कडी. कुणी गोंदाला काही विचारलं, तर उत्तर तात्या देई.

कधी कडी लावायची राहिली, की गोंदा शेजारच्या साळू कुंभारणीच्या अंगणात जाई. तिथं माती तुडवी. तुडवताना गुणगुणे. एरवी तो गप्पच असे.

एके वर्षी तात्यानं कायमचं नदीपलीकडे, लेकीच्या गावी जायचं ठरवलं. गोंदालाही न्यायचं ठरवलं. साळू तडक पाटलाकडे गेली.

"पाटीलबाबा, गोंदाला जायचं नाही."

तात्या मागोमाग आलाच. "तुला त्यानं सांगितलं? दोन शब्द जोडायला त्याला दुपार लागते!"

"मग लागू दे की दुपार," पाटील म्हणाला. "आपल्याला कुठं वरातीला जायचंय?"

गाव पारावर जमला. त्या गावात एक रीत होती. सांभाळलेल्या माणसाला विचारायचं, तेव्हा पालकानं तोंडात पाण्याचा घोट धरायचा. उत्तर येईपर्यंत गिळायचा नाही, थुंकायचा नाही.

तात्यानं घोट घेतला. पाटलानं विचारलं, "गोंदा, तुला कुठं राहायचंय?"

गोंदानं ओठ हलवले. तात्यानं पाणी गिळलं. "माझ्याजवळ, म्हणतोय!"

"पुन्हा भर," पाटील म्हणाला.

पुन्हा तेच झालं. पारावरची माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, "तात्याला तहान लागली असंल, बिचाऱ्याला!"

तिसऱ्यांदा मात्र तात्यानं गाल फुगवून पाणी धरलं. पारावरची सावली सरकत गेली. गुरं पाण्यावरून परतली. कुणी उठलं नाही. तसे लोक होते ते.

शेवटी गोंदा बोलला.

"तात्या चांगला."

सगळे थांबले. अजून येणार होतं.

"कडी वाईट."

आणि खूप वेळानं, "मला माती पाहिजे. साळूमावशी पाहिजे."

तात्याच्या तोंडातलं पाणी दाढीवरून ओघळलं. तो खाली बसला. म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटलं, ह्याला काही म्हणायचंच नसतं."

पाटलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू वाईट नाहीस, तात्या. पण आता गोंदाचा हात सोड."

तात्यानं हात सोडला. या वेळी गोंदाचा हात दुसऱ्या कुणी दिला नाही. गोंदा स्वतः चालत गेला आणि त्यानं तो साळूच्या हातात ठेवला.

पाटलानं पाण्याचा तांब्या साळूपुढे केला. "दर वर्षी पारावर यायचं. त्याला विचारायचं. घोट तूही धरायचास."

"मी पण? मी तर त्याच्यावर माया करते, बाबा!"

"म्हणूनच. माया करणारीच माणसं जास्त मध्ये बोलतात."

तात्या पलीकडे गेला, पण बाजाराच्या दिवशी नावेतून यायचा. कुंभारवाड्यात गोंदाशेजारी बसायचा. गोंदा माती तुडवत सावकाश काहीतरी सांगायचा आणि तात्या ऐकायचा. जाताना नवं मडकं घेऊन जायचा. त्याच्या जुन्या घराची कडी साळूनं काढून नदीत टाकली होती. ती कुणी शोधली नाही.

आता तो पार नाही, ती रीत नाही. तांब्या मात्र घरोघरी आहे.

बोध एवढाच: ज्याला सांभाळायचं, त्याच्या वतीनं बोलण्याआधी त्याचं बोलणं पुरतं ऐकावं.