डोक्यावरून कानाला

जांभळीच्या राईत माणसाचं पाऊल पडायच्याही आधीची गोष्ट. तिथे साळिंदर गुरुजी शाळा चालवत. प्रवेशाचा नियम एकच: उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला, की पोर शाळेत बसण्याएवढं झालं.

भुरी माकडीण तान्ह्या झिपरीला पोटाशी धरून आली. शेजारणीचा पोरगा शाळेत जाऊ लागला होता, म्हणून तिला भारी घाई. माकडाचाच हात तो! झिपरीचा हात कान ओलांडून गालापर्यंत उतरला.

"बघितलंत, गुरुजी? आमची आहेच हुशार!" भुरी म्हणाली.

गुरुजींनी तिचं नाव पटावर घातलं. "आता तिला इथे ठेवा आणि तुम्ही या."

झिपरीने गालावरचा हात काढला आणि आईच्या केसांत घट्ट रुतवला. सोडवायला गेलं की किंचाळायची. शेवटी भुरीच वर्गात बसली, अख्खा पावसाळा बसली. पिकलेलं फळ कसं ओळखावं, बिबट्याची चाहूल कशी घ्यावी, सगळं भुरीला पाठ झालं. झिपरी दूध पिऊन झोपायची.

"बाई, उत्तरं तुम्हीच देताय," एक दिवस गुरुजी म्हणाले. "घेऊन जा तिला. माझंच माप चुकलं."

पुढच्या वर्षी जांभळं पिकली, तेव्हा झिपरी फांदीवरून उडी मारून आपणहून वर्गात येऊन बसली. गुरुजींनी तिला कानाला हात लावायला सांगितलं नाही. त्यांनी वर पाहिलं. फांदीवर भुरी अजून दोन्ही हात पसरून उभी होती.

"बाई," गुरुजी म्हणाले, "तिने सोडलंय. आता तुम्ही सोडा."