सीटच्या दांडीवरच्या सात रेघा

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हा डोंगरांनाही अजून नावं पडायची होती, पाच खोऱ्यांचं एक राज्य होतं. त्या राज्यात हत्ती नव्हते, घोडे नव्हते, पालख्याही नव्हत्या. होत्या त्या पोलादी सायकली. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या काळी सायकली कुठून आल्या? अहो, गोष्टीतला पोपट बोलतो तेव्हा त्याला बोलायला कोणी शिकवलं हे नाही विचारत तुम्ही. मग सायकलीनेच काय घोडं मारलंय? बसा निवांत आणि ऐका.

घाटाच्या पायथ्याशी एका बाईचं सायकलींचं दुकान होतं. तिच्या कमरेला कायम एक दोरी गुंडाळलेली असायची, म्हणून सगळे तिला दोरीवाली म्हणत. नवी सायकल बांधायची असो की जुनी बेतून घ्यायची असो, तिची एकच अट. आधी गिऱ्हाइकाने एक दिवस आपल्या रोजच्या वाटेने चालायचं, आणि ती मागून चालणार. तो कुठे दमतो, कोणत्या खांद्यावर भार घेतो, उतारावर घाबरतो की हसतो, हे ती बघत राही आणि दोरीला गाठी मारत जाई. संध्याकाळी त्या गाठींवरून ती सीट, हँडल, पायडल, कॅरिअर सगळं ठरवी.

दूधवाल्याला तिने कॅनसाठी आकडे इतके खाली लावून दिले की वळणावर सायकल कलंडायचीच थांबली. सुईणीला जाड टायर दिले, चिखलातून वाट काढायला. एक म्हातारे गुरुजी होते, त्यांना कामधाम काही नव्हतं, नुसतं संध्याकाळी तळ्याला एक फेरी मारायची हौस. लोक हसले, म्हणाले, यांना कशाला हवी बेतलेली सायकल? पण दोरीवाली त्यांच्याही मागून तळ्याभोवती तीन वेळा चालली. त्यांची पाठ वाकत नाही हे पाहून तिने हँडल उंच करून दिलं, आणि तळ्याकाठी ते जिथे थांबून बगळे बघत तिथे उतरायला त्रास नको म्हणून मधला दांडाही खाली घेतला. ती म्हणे, हौस असली म्हणून काय झालं, तिलाही माप लागतंच. गुरुजी त्या सायकलीवर बसले की वीस वर्षांनी लहान दिसत, हे सगळ्या गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच सुमारास राज्याचे महाराज वारले. मागे एकुलती एक लेक, वय जेमतेम वीस. आता ती गादीवर बसायची होती. पण त्या राज्यात गादी नुसती बसून मिळत नसे.

हे राज्य ज्यांनी उभं केलं त्या थोरल्या महाराजांची एक सायकल होती. गादीवर बसणाऱ्याने त्याच सायकलीवरून, एकट्याने, घाट चढून घंटेच्या खिंडीत जायचं आणि तिथली मोठी घंटा वाजवायची. वाटेत पाय जमिनीला टेकता कामा नये. घंटा ऐकून पाचही खोऱ्यांनी आपापल्या सायकलींच्या घंट्या वाजवून उत्तर दिलं की झाला राजा. पाय टेकला तर राज्य मोडलं. खोरी आपापल्या वाटेने जायला मोकळी, आणि थोरल्या महाराजांच्या आधी पाण्यावरून जशी एकमेकांची डोकी फोडत होती तशी पुन्हा फोडायलाही मोकळी.

राजकन्या बुटकी होती. सरळच सांगतो, उगाच नाजूक वगैरे म्हणत नाही. आणि ती सायकल होती अशी, की बघणाऱ्याची मान दुखावी. सीट तिच्या धिप्पाड वडिलांना बसे एवढी उंच. पुढे पितळी सूर्य, हँडलच्या टोकांना सिंहाची तोंडं, मागे मोत्यांची छत्री, सीटच्या दांडीला वरपासून खालपर्यंत चांदीचं कवच. दर राजाने एक दागिना चढवला होता, उतरवला मात्र कोणीच नव्हता. उचलायला चार गडी लागत. राजकन्येने वाड्याच्या पटांगणात तीनदा बसून पाहिलं आणि तीनदा पडली. पायडल खाली गेलं की तिचा पाय हवेत लटकायचा.

सायकलखान्याचे एक कारभारी होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या एकच काम, ती सायकल पुसायची. कोणी सीट खाली घ्या म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ते सांगत, थोरल्या महाराजांपासून हिला पाना लागलेला नाही, त्यांनी ठेवली तशी ही आहे. माणूस वाईट नव्हता हो. त्याला ते खरंच वाटत होतं.

शेवटी राजकन्येने दोरीवालीला बोलावणं धाडलं. दोरीवाली आली, सायकलीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाली, उद्या सकाळी घाटात चालायला या.

दुसऱ्या दिवशी राजकन्या पुढे आणि दोरीवाली दहा पावलं मागे, अशा दोघी घाट चढायला लागल्या. पहिलं वळण राजकन्येने झपाझप घेतलं. दुसऱ्याला तिचा श्वास लागला, दोरीवालीने एक गाठ मारली. तिसरं वळण सगळ्यात उभं होतं. तिथे एका दगडावर राजकन्या बसली आणि तोंड झाकून रडायला लागली.

दोरीवाली शेजारी बसली. मग राजकन्या आपणहून सांगू लागली, की लहानपणी वडील तिला पुढच्या दांड्यावर बसवून या वळणापर्यंत आणत, स्वतःच्या साध्या सायकलीवरून. आता त्यांच्या पश्चात ज्या सीटवर बसून ते घाट चढले ती खाली घ्यायची, म्हणजे त्यांनाच खाली घेतल्यासारखं तिला वाटत होतं.

"पडले तरी चालेल मावशी," ती म्हणाली, "पण बाबासाहेबांची उंची माझ्या हाताने कमी करणार नाही."

दोरीवालीने त्या दगडापाशी दोरीला सगळ्यात मोठी गाठ मारली. मग म्हणाली, "बरं. पाना नाही लावत. नुसते दागिने उतरवून सायकल बघू द्या. मी अजून तिला पाहिलेलीच नाही."

दागिने उतरवायला मनाई नव्हती. त्यामुळे कारभाऱ्यांनाही नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी पटांगणात भर उन्हात काम सुरू झालं. सूर्य उतरला, सिंह उतरले, छत्री उतरली. एकेक नग खाली ठेवताना कारभारी डोळे पुसत होते. आणि जसजसे दागिने उतरत गेले तसतशी सायकल लहान होत गेली. बघणारे एकमेकांकडे बघू लागले. आत एक साधा, काळा, सडपातळ सांगाडा उभा होता. धिप्पाड राजाचा नव्हेच तो. घरात एखादी चुणचुणीत पोरगी असावी, तिला शोभेल एवढा.

दोरीवालीने नळीवर बोटाने टिचकी मारली.

काय सांगू तुम्हाला! त्या पोलादातून असा काही नाद निघाला की पटांगणातली कबुतरं उडाली. तो नाद थांबेचना. दोनशे पावसाळे खाल्लेलं ते पोलाद, त्यावर एवढं पितळ, एवढी चांदी लादलेली, आणि आत ते अजून गात होतं. दोरीवालीने आयुष्यात शेकडो सांगाडे वाजवून पाहिले होते. पण तिचा हात तसाच हवेत राहिला. तिने खाली वाकून त्या सांगाड्याला नमस्कार केला. मीही असतो तर केला असता.

आता फक्त सीटच्या दांडीवरचं कवच राहिलं होतं. ते घट्ट बसलं होतं. दोरीवालीने गरम पाण्यात फडकं बुडवून त्याला गुंडाळलं, थोडं थांबली आणि हलक्या हाताने ओढलं. कवच सरकन निघून आलं.

दांडीवर रेघा होत्या. एकीखाली एक, सात रेघा. कानशीने ओढलेल्या, सरळ, नेटक्या. दर रेघेपाशी एक बारीक खूण कोरलेली, कुठे मासा, कुठे पान, कुठे दिवा. कारभारी जवळ आले. वाकले. त्या खुणा त्यांनी क्षणात ओळखल्या, कारण त्याच खुणा राजांच्या शिक्क्यांवर होत्या. सात राजांचे सात शिक्के.

सायकलवाल्यांना अशी रेघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रेघेपर्यंत दांडी आत घालायची आणि नट आवळायचा, सीट त्या माणसाच्या मापाला येते. रेघ जितकी खाली तितका माणूस उंच, जितकी वर तितका बुटका. सगळ्यात खालची रेघ कणसाच्या खुणेची होती, राजकन्येच्या वडिलांची. आणि सगळ्यात वरची, पार सीटच्या जवळची, चंद्रकोरीची. चंद्रकोर हा थोरल्या महाराजांचा शिक्का.

ज्या थोरल्या महाराजांचं डोकं वाड्यातल्या तसबिरीत कमानीला टेकलेलं आहे, ते थोरले महाराज!

म्हणजे थोरल्या महाराजांनंतरच्या सहाही राजांनी गुपचूप मिस्त्री बोलावून सायकल आपापल्या मापाची करून घेतली होती. आणि वर कवच चढवून जगाला सांगितलं होतं की हिला कोणी हात लावलेला नाही. कारभारी मटकन खाली बसले.

"म्हणजे आम्ही इतक्या पिढ्या पुसत काय होतो?" ते म्हणाले.

राजकन्या दांडीपाशी गुडघ्यावर बसली होती. वडिलांच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं, मग बोट वर वर नेत चंद्रकोरीपाशी थांबवलं. तिने विचारलं, थोरले महाराज माझ्याएवढेच होते का? दोरीवालीने दोरीची गाठ दांडीला लावून पाहिली आणि सांगितलं, दोन बोटं उंच असतील, जास्त नाही.

राजकन्या उठली. "लावा पाना," ती म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर लावा."

दोरीवालीने नट सैल केला. दांडी हळूहळू आत जाऊ लागली, आणि एकेक रेघ नळीत उतरत गेली. कणीस जाताना राजकन्येने त्यावर बोट ठेवलं. दोरीवाली तिला हळूच म्हणाली, की ती पुसली जात नाही, आतच राहते, तुम्ही बसाल त्याच्या खालीच. सगळ्यात शेवटी चंद्रकोर आत गेली. तिच्यावर दोन बोटं दोरीवालीने कानशीने आठवी रेघ ओढली. मग हँडल जवळ घेतलं, पायडलचे दांडे आखूड घातले, आणि मागचं दात्यांचं चाक काढून मोठं बसवलं. ते चाक कशासाठी, असं कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, तिसऱ्या वळणासाठी, हे मोठं असलं की चढ हलका होतो.

चढाईच्या दिवशी अख्खा घाट माणसांनी फुलला होता. बिनदागिन्यांची सायकल बघून लोक कुजबुजले. हीच का ती? आणि ही एवढीशी राणी? राजकन्येने कोणाकडे पाहिलं नाही. पहिलं वळण तिने सावकाश घेतलं, दुसरं त्याहून सावकाश. कारभारी धोतर सावरत मागून धावत होते, त्यांचा श्वास तिच्या आधी संपला.

तिसऱ्या वळणावर, त्या दगडापाशी, चाकाखाली खडा आला. सायकल डगमगली आणि डावा पाय पायडलवरून सुटला. आता गंमत बघा, सीट खाली आली म्हणजे जमीनही जवळ आली होती. नुसता अंगठा टेकवला असता तरी तोल सावरला असता. पाय जमिनीपासून वीतभर अंतरावर आला आणि तिथेच थांबला. तिने दगडाकडे पाहिलं, हँडल घट्ट धरलं, आणि पाय उचलून पुन्हा पायडलवर ठेवला. मागचं मोठं दात्यांचं चाक कुरकुरलं आणि फिरलं. ती वळण चढून गेली.

खिंडीत पोचल्यावर सायकलीवर बसल्या बसल्याच तिने घंटेचा दोर ओढला. घंटेचा आवाज पाचही खोऱ्यांत उतरला. आणि मग शांतता. ती शांतता इतकी लांबली की राजकन्येच्या हातातला दोर घामाने भिजला.

तेवढ्यात खालून एक घंटी वाजली. ट्रिंग. तळ्याकाठच्या गुरुजींची होती ती. मग दूधवाल्याची, मग सुईणीची. मग पहिलं खोरं, दुसरं, तिसरं. हजारो सायकलींच्या घंट्या एकदम, डोंगरामागून डोंगर, जिकडे ऐकावं तिकडून. राणी दोर धरून रडत होती आणि हसत होती. असा आवाज त्या खोऱ्यांनी आधी कधी ऐकला नव्हता, आणि ज्यांनी तो ऐकला ते म्हातारपणीही सांगताना थांबून कान टवकारत.

खाली आल्यावर कारभाऱ्यांनी चांदीचं कवच दोन्ही हातांत धरून विचारलं, परत चढवायचं का? राणी नको म्हणाली. ते देवळाच्या घंटेसाठी वितळवायला दिलं. तेव्हापासून वर्षातून एकदा कारभारी भर पटांगणात दांडी नळीतून बाहेर काढत आणि पोराटोरांना आठही रेघा दाखवत. पाचही खोऱ्यांतून लोक आजोबा-पणजोबांच्या अडगळीत पडलेल्या सायकली घेऊन दोरीवालीकडे येऊ लागले. ती नेहमीसारखं एकच विचारायची, उद्या सकाळी कुठल्या वाटेने चालायचं?

तात्पर्य: वाडवडिलांची वस्तू जपायची असेल तर तिच्यावर चांदी चढवू नये, ती आपल्या मापाची करून चालवावी.