तपासणीचं कपाट

एका गावातल्या सरकारी दवाखान्यात एक निळं कपाट होतं. त्या कपाटाचा नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जाई. तपासणीची समिती आली तरच ते उघडायचं. एरवी हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही.

नुकतीच शिकून आलेली नर्स शाल्मली हिने तो नियम ऐकला आणि लगेच विचारलं, "का?"

भालेराव सिस्टर तिथे सव्वीस वर्षं होत्या. चावी त्यांच्याच कमरेला असे. "आली नाहीस तोच सुरू झालं का तुझं?" त्या म्हणाल्या. "आधी गप्प बसायला शीक, बाकीचं मी शिकवीन."

त्या कपाटामागे एक अपमान होता. दोन वर्षांपूर्वी समिती न कळवता आली. फाटक्या चादरी, रिकामी औषधपेटी, चिरलेले मास्क तिने पाहिले आणि दवाखान्याचं गुणवत्तेचं मानांकन काढून घेतलं. दर्शनी भिंतीवर प्रमाणपत्राच्या जागी नुसता उजळ चौकोन उरला. ते मानांकन परत मिळावं म्हणून जिल्ह्याहून सगळं नवं सामान आलं. मोठे डॉक्टर निगुडकर यांनी ते जिवापाड जपलं. म्हणजे निळ्या कपाटात भरलं, कुलूप घातलं आणि वर लाल फीत चिकटवली.

"वापरलं की मळतं," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. वॉर्डात जुन्याच चादरी राहिल्या.

अखेर समिती येण्याचा दिवस ठरला. आदल्या दुपारी भिंतींना चुना लावणं चाललं असताना गावातली हौसा तिथे बाळंत झाली. मूल निळं पडलं होतं. रडेना.

शाल्मलीने हवा भरायची पिशवी बाळाच्या तोंडावर धरून दाबली. मास्क चिरलेला होता. हवा बाजूने निसटून गेली. छाती हलली नाही.

"सिस्टर, कपाटाची चावी द्या!"

"अगं, उद्या समिती आहे. पाठ चोळ जरा, येईल श्वास."

"नाही येत!"

सिस्टरांचा हात कमरेपाशी गेला आणि तिथेच थांबला. शाल्मलीने बाळ त्यांच्या हातात दिलं. दाराला लावायचा दगड उचलला आणि कुलपावर घातला. दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं. समोरच कोरी पिशवी होती, कोरा मास्क होता. तिने तो बाळाच्या तोंडावर घट्ट बसवला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. छाती वर आली. थोड्या वेळाने बाळाने असा टाहो फोडला, की बाहेर चुना लावणाऱ्यांचे हात थांबले.

बाळ हौसाच्या कुशीत गेल्यावर शाल्मली कपाट लावायला परत आली, आणि दारातच खिळून उभी राहिली.

आत घडीसुद्धा न मोडलेल्या चादरी होत्या. बाळाला ऊब देणारा दिवा खोक्यातच होता. आणि खालच्या कप्प्यात बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणाऱ्या इंजेक्शनांची अख्खी पेटी होती. तिने मुदत वाचली. गेल्या डिसेंबरात संपली होती.

तिला त्याआधीचा गौरींचा दिवस आठवला. पारू नावाच्या बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. औषध नाही म्हणून तिला तालुक्याला पाठवलं होतं. ती वाटेतच गेली. तो महिना सप्टेंबर होता.

"सिस्टर," तिने विचारलं, "पारूला पाठवलं तेव्हा हे इथे होतं?"

"ते..." सिस्टर चाचरल्या. "ते साठ्यात धरत नाहीत गं. ते तपासणीचं आहे."

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि तेच शाल्मलीला सर्वांत भयंकर वाटलं.

एवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी तुटलेलं कुलूप पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काय केलंस हे! बरं, झालं ते झालं. मास्क धुऊन पुसून आत ठेव. ती पेटी मागच्या खड्ड्यात पुरून टाक. मी दुसरं कुलूप मागवतो. उद्या विचारलं तर सांगायचं, कपाट उघडलेलंच नाही."

"नाही ठेवणार," शाल्मली म्हणाली.

"पोरी, मानांकन जाईल पुन्हा!"

"जाऊ दे. चादरी आत्ता वॉर्डात घालते. मास्क बाळाजवळ राहील. आणि ही पेटी उद्या समितीसमोर मी स्वतः ठेवीन. पारू कशी गेली, ते तुम्ही सांगाल की मी सांगू?"

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी कमरेची चावी काढली आणि रिकाम्या कडीकडे बघत राहिल्या. वॉर्डातून बाळाचं रडणं तेवढं येत होतं.

तात्पर्य: पाहणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला चांगुलपणा गरजवंताचा जीव घेतो; तो राखायला लावणारा नियम कितीही वडीलधाऱ्याने घातलेला असो, तो मोडलाच पाहिजे.