झिलू सुताराची होडी

खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. खारसोंड गावात झिलू सुतार होड्या बांधायचा. शिवणीचा ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवला की करवतीचं वरचं टोक झिलूच्या हातात आणि खालचं त्याच्या बायकोच्या, सुंदराच्या हातात. त्यांच्या करवतीचा आवाज पार पैलतीरापर्यंत जायचा, असं म्हणतात.

एका वर्षी झिलूने घाईत बांधलेल्या होडीच्या फळ्या उन्हाने पिळल्या. भर खाडीत सांधा उघडला, पाणी आत आलं आणि बाजाराला निघालेली सुंदरा परत आली नाही.

त्यानंतर झिलू लाकूड वेगळ्या तऱ्हेने चिरू लागला. आधी ओंडक्याच्या उभ्या चार फाका करायच्या. मग प्रत्येक फाकेतून गाभ्याकडून सालीकडे जाणारी फळी काढायची. अशी फळी उन्हापाण्यात पिळत नाही. पण लाकूड वाया जातं आणि वेळ फार लागतो. त्यामुळे दुसरं टोक धरायला कुणी येईना.

"अरे, निम्मं लाकूड सरपणात घातलंस," गावचे खोत म्हणाले.

"फळी पिळली की माणूस जातं, खोतानू," झिलू म्हणाला. "सरपण परवडलं."

खोत निघून गेले. झिलू एकटाच करवत ओढत राहिला, एकटाच जेवत राहिला. कुणी डोकावलं तर खालचं टोक रिकामं दिसायचं, तरी करवत दोघांच्या ओढीने चालायची, असं म्हणतात. मग तर त्या वाटेने कुणी फिरकेना.

त्या फळ्यांची होडी पुरी झाली आणि त्याच वर्षी खाडीला पूर आला. बाकीच्या होड्या फुटल्या. झिलूने खालच्या वाडीतली माणसं खेपेखेपेने टेकडीला आणून सोडली. अखेर खोतांनी त्याचा हात धरला.

"तिकडे आता कुणी राहिलं नाही. उतर, झिलू."

झिलू पाण्याकडे बघत होता. "कुणीतरी हाक मारतंय," तो म्हणाला आणि वल्हं मारत निघून गेला.

पूर ओसरल्यावर होडी आपली आपण किनाऱ्याला लागली. आत झिलू नव्हता आणि थेंबभर पाणीही नव्हतं.

आजही खारसोंडात कुठे करवतीचा आवाज आला की शेजारचा माणूस हातातलं काम ठेवून उठतो, जाऊन दुसरं टोक धरतो. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर सांगतो, "झिलूच्या वेळी राहून गेलं होतं."