शेजारच्या राज्याचे बिघे

"मग माझीच जमीन का वाढत नाही, महाराज?"

ओंकारगीर गोसावी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

बेलखोऱ्याचा राजा उदाजी सकाळीच देवराईत येऊन धडकला होता. त्याची कुऱ्हाडवाली माणसं राईच्या तोंडाशी थांबली होती. राई तोडायची आणि तिथं नांगर घालायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण राईतल्या गोसाव्यानं 'हो' म्हटल्याशिवाय देवाच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. म्हणून हा फेरा.

"उंबरठाणचा आकडा ऐकलात ना?"

"जत्रेत ऐकला."

बेलखोरं आणि उंबरठाण ही एका डोंगराच्या दोन अंगांना वसलेली दोन चिमुकली राज्यं. दरवर्षी खिंडीत जत्रा भरे आणि दोन्हीकडचे दवंडीवाले आपल्या राज्यात किती बिघे जमीन कसली, ते पुकारत. अलीकडे उंबरठाणचाच आकडा मोठा निघे. मग उदाजीच्या पोटात जे दुखू लागे, ते पुढच्या जत्रेपर्यंत थांबत नसे. ताटातलं पक्वान्न त्याला गोड लागेना. उंबरठाणवर पाऊस पडला, की आपल्याच वाट्याचा ढग तिकडे वळवला असं त्याला वाटे.

"उंबरठाणला म्हातारा राजा होता तोवर आम्हीच पुढं होतो," उदाजी म्हणाला. "म्हातारा ताडमाड उंच, पण बिघ्यांत आमच्या मागं. तो गेला आणि आठ वर्षांची नात गादीवर बसली. गिरजा! तेव्हा दुधाचे दात पडत होते तिचे. आणि त्याच वर्षी यांची जमीन दुप्पट झाली!"

"नवं रान तोडलं असेल."

"एक झाड तोडलं नाही. माझे हेर बघून आलेत."

"आणि तू काय केलंस?"

"काय नाही केलं? गायरान नांगरलं. तळ्याचा काठ नांगरला. गुरं दावणीला हंबरतायत... तरी ती पोर पुढंच!" त्याचा आवाज चिरकला. "आता ही राई तेवढी राहिलीय. द्या मला."

गोसाव्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

"जमीन मोजता कशी?"

"वाडवडील मोजत आले तशी. काठीनं." असलं पोरकट काही विचारलेलं राजाला रुचलं नाही. "गादीवर बसायच्या दिवशी राजानं आपला हात पुढं करायचा. त्याचे पाच हात आणि पाच मुठी भरतील एवढी काठी तोडायची. त्याचं राज्य आहे तोवर तीच काठी. दोन्ही राज्यांत हाच रिवाज."

आणि त्यानं आपला लांबलचक हात मोठ्या ऐटीत पुढं केला.

"मग हा ओटा मोज."

राजानं कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत ओटा मोजला. "पाच हात."

गोसावी उठले. अंगानं ते अगदीच ठेंगणे. उभे राहिले तरी राजाच्या छातीशी येत. त्यांनीही हात टेकवत टेकवत ओटा मोजला.

"सात," ते म्हणाले. "बघ, माझा ओटा वाढला."

राजा खदखदून हसला. "वाढतोय कुठला, महाराज! ओटा तेवढाच आहे. तुमचा हातच आखू..."

तो थांबला.

...

आठ वर्षांच्या पोरीचा हात. त्या हातानं मोजून तोडलेली काठी ती केवढी असणार! आखूड काठीनं मोजल्यावर बिघे जास्तच भरणार. उंबरठाणची जमीन होती तेवढीच होती. एका पोरीच्या कोपराशी बरोबरी करता करता आपण आपलं गायरान मातीत घातलं, हे राजाला कळलं आणि त्याची मान खाली गेली.

"राई राहू द्या," तो पुटपुटला.

त्यानं राईच्या तोंडाशी जाऊन माणसांना हाक दिली आणि कुऱ्हाडी घेऊन घरी जायला सांगितलं. मग परत येऊन गोसाव्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला लाज वाटत होती आणि फार दिवसांनी हायसंही वाटत होतं.

तो निघाला. चार पावलं गेला... आणि घुटमळला.

आपल्या लांबलचक हाताकडे तो बघत राहिला. दावा धरलेल्या भाऊबंदाकडे बघावं, तसा.

"महाराज..."

"बोल."

"माझा धाकटा सहा वर्षांचा आहे." राजानं घसा खाकरला. "ती पोर आता बारा वर्षांची झाली, पण काठी तीच जुनी... आठव्या वर्षीच्या हाताची. म्हणजे जत्रेच्या आधी मी गादी सोडली आणि त्याला बसवलं, तर..."

गोसाव्यांनी शेंगांची टोपली पुन्हा पुढं ओढली.

"पाळण्यात कुणी नाही का रे?"